तळ कोणाचा?

(जोगेश्वरी पूर्वेला झालेल्या युवक अभ्यासशिबिरातलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फक्त पुनरुक्ती काढली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढं विषय छापलाय, ‘समुद्रतळ आणि बड्या राष्ट्रांची स्पर्धा’. तो वाचून मघाशी चहाच्या टपरीवर एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, “आयला, आपल्याकडं गटार तुंबलंय आणि हे समुद्राच्या तळाचं सांगणार.” मी मागंच उभा होतो. पोरगा चुकीचं काही बोलला नाही. म्हणून मी समुद्राकडं नंतर जातो. आधी आपल्या रस्त्याखालचं सांगतो.

माझा बाप १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून आला. मेघवाडीत झोपडं टाकलं. हातात पहार आणि फावडं. शहरातल्या टेलिफोनच्या केबलसाठी तो चर खणायचा. हजारो लोकांच्या घरात फोन वाजला त्याच्या घामावर. आमच्या घरात तो मरेपर्यंत वाजला नाही. पुढं मीही खणलं. २००० आणि २००१, दोन वर्षं. तुमच्यातले बरेचजण तेव्हा जन्मले नव्हते. त्या वर्षांत मुंबईतला एक रस्ता धड नव्हता. ऑप्टिकल फायबर टाकायची घाई सुटली होती. नाक्यावर मुकादम यायचा, मीटरवर सौदा व्हायचा, टेम्पोत कोंबून आम्हाला लिंक रोडला, लोखंडवाल्याला, सात बंगल्याला, वर्सोव्याला नेऊन सोडायचा. रात्री खणायचं, नारिंगी पाइप आत टाकायचा, उजाडायच्या आत माती लोटायची. पाइपातून काय जाणार हे कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पोटाला किती मिळणार एवढंच विचारलं.

एका रात्री माझ्या चुलतभावाची पहार विजेच्या चालू केबलवर बसली. दोन्ही हात भाजले. डावा कायमचा गेला. रस्त्याखाली काय आहे याचा नकाशा कोणाकडं तरी असणार ना? आमच्यापर्यंत तो आला नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणाला, हा माणूस माझा नाही. हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं. जिची लाइन होती ती कंपनी म्हणाली, आम्ही काम ठेक्यानं दिलंय. ठेकेदार म्हणाला, मी पोटठेक्यानं दिलंय. पोटठेकेदार म्हणाला, मुकादमाला विचारा. मुकादम गावाला निघून गेला होता. मडक्यावर मडकं रचलेली उतरंड आपल्याला शिकवायची गरज नाही. खालचं मडकं फुटलं की वरच्याला आवाजही जात नाही, एवढं त्या वर्षी कळलं.

तो पाइप कुठं जातो हे मला पुढं दहा वर्षांनी समजलं. तो समुद्रात जातो.

इथून पुलावरून पश्चिमेला उतरा. ओशिवरा ओलांडा, सात बंगला गाठा, वर्सोव्याच्या वाळूत उभे राहा. तुमच्या पायाखाली, वाळूत पुरलेल्या सिमेंटच्या खोलीत, समुद्रातून आलेल्या केबल जमिनीवरच्या लाइनींना जोडल्यात. आपल्याकडं केबल म्हटलं की महिन्याला पैसे मागायला येणारा केबलवाला आठवतो. ही केबल वेगळी. खोल समुद्रात ती बागेत पाणी घालायच्या नळीएवढी जाड, आत केसासारख्या बारीक काचेच्या तारा, त्यातून उजेड पळतो. उजेड दमतो, म्हणून दर साठ ते शंभर किलोमीटरवर त्याला पुन्हा ताकद देणारं यंत्र बसवलेलं असतं. त्या यंत्रांना वीज किनाऱ्यावरून जाते, हजारो व्होल्टची. किनाऱ्याजवळ नांगर आणि जाळी लागू नयेत म्हणून केबलला लोखंडी तारांचं चिलखत घालतात आणि तळात पुरतात.

आपल्याला वाटतं इंटरनेट वरून येतं, उपग्रहातून, आभाळातून. तसं नाही. देशादेशांमधला ९५ टक्क्यांहून जास्त व्यवहार समुद्राच्या तळावरून जातो. जगात अशा पाचशेच्या वर केबल, सगळ्यांची लांबी मिळून १४ लाख किलोमीटरच्या घरात. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं जून २०२३ मध्ये सरकारला शिफारशी दिल्या. त्यात आकडा आहे : भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ ठिकाणी किनाऱ्याला लागतात. मुंबई, चेन्नई, कोचीन, तुतिकोरिन, त्रिवेंद्रम, एवढीच गावं. मुंबईतल्या बऱ्याच वर्सोव्याच्या छोट्याशा पट्ट्यात. म्हणजे या देशाच्या बँका, शेअरबाजार, कॉल सेंटरं, सरकारी खाती, तुमच्या मोबाइलमधलं सगळं, यातला मोठा हिस्सा आपल्या वस्तीपासून रिक्षाच्या अंतरावर जमिनीत शिरतो. आणि आपण त्याचे शेजारी आहोत हे आपल्यालाच ठाऊक नाही.

आता इतिहास. थोडाच सांगतो, पण तो सोडला तर आजचं कळणार नाही.

मुंबईच्या समुद्रात मोठी केबल पडली १८७० साली. सुएझ कालवा आदल्या वर्षी, १८६९ ला उघडला होता. जॉन पेंडर नावाच्या इंग्रज भांडवलदाराची कंपनी, आणि त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं जहाज, ‘ग्रेट ईस्टर्न’. ते मुंबईहून केबल सोडत सोडत एडनला गेलं. तिथून सुएझ, माल्टा, जिब्राल्टर, इंग्लंड. जूनमध्ये लंडन आणि मुंबई समुद्राखालून जोडली गेली. आधी बोटीनं पत्र जायला आठवडे लागायचे. आता लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईच्या पेढीवर त्याच दिवशी यायला लागला. पेढीवर आला, हं. वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्याला तो कळायला कोणी तार केली नाही. भाव ज्याला आधी कळतो तो श्रीमंत होतो, ज्याला शेवटी कळतो तो सावकाराच्या दारात उभा राहतो. तार आल्यावर हे अंतर कमी झालं नाही, वाढलं.

त्या तारेला पाणी लागू नये म्हणून गटापर्चा नावाचा चीक लावायचे. तो मलायाच्या जंगलातल्या झाडांचा. झाड आडवं पाडायचं, चीक काढायचा, पुढच्या झाडाकडं जायचं. लाखो झाडं गेली. राणीचा संदेश मिनिटांत पोचावा म्हणून कोणाचं तरी जंगल उभं आडवं झालं. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

इंग्रजानं पुढं पृथ्वीभोवती तारेचा असा फास टाकला की ती फक्त त्याच्याच ताब्यातल्या जमिनीला टेकेल. १९०२ साली तो पुरा झाला. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. ५ ऑगस्ट १९१४ ला, युद्धाच्या अगदी पहिल्या दिवशी, इंग्रजांचं ‘अलर्ट’ नावाचं जहाज इंग्लिश खाडीत गेलं आणि जर्मनीच्या केबल तोडून आलं. तोफ नंतर, तार आधी. जर्मनीला मग दुसऱ्यांच्या तारांवरून बोलावं लागलं आणि इंग्रज ते चोरून वाचत बसले.

याच युद्धाचा आपल्याशी एक संबंध आहे. १९१७ साली बाबासाहेब शिक्षण अर्धवट टाकून लंडनहून परतले. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली होती. ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. ज्या माणसानं जेवण तोडून पुस्तकं घेतली, त्याचा तो सगळा ठेवा आजही समुद्राच्या तळाशी आहे. बड्या राष्ट्रांची समुद्रावरची मारामारी आपल्यापासून लांब आहे असं म्हणणाऱ्यानं एवढी एक बोट आठवावी.

इंग्रज गेला. मग आपल्या सरकारचं ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस, १९८६ पासून विदेश संचार निगम. १५ ऑगस्ट १९९५ ला याच निगमानं लोकांना इंटरनेट खुलं केलं. २००२ मध्ये सरकारनं निगमाचा ताबा टाटांकडं दिला, आणि परदेशी संचाराची मक्तेदारीही त्याच वर्षी संपली. सरकारी मक्तेदारी फार गुणाची होती असं मी म्हणत नाही. पण विकताना कोणी विचारलं का, की बाबांनो, ही लाइन तुमच्या पैशानं टाकली, तुमच्या बापानं चर खणले, तुमचं मत काय?

आता आजची लढाई कशी चालते ते बघा. सिंगापूरहून फ्रान्सला जाणारी एक केबल, सी-मी-वी-६. वाटेत मुंबईला आणि चेन्नईला टेकते. लांबी १९,००० किलोमीटरच्या वर. तिचं काम एका चिनी कंपनीला मिळण्याच्या बेतात होतं, तिनं स्वस्तात बोली लावली होती. अमेरिकेच्या सरकारनं दबाव आणला, काही देशांच्या कंपन्यांना बक्षिसं दिली, काहींना धाक दाखवला, आणि काम अमेरिकी कंपनीकडं गेलं. रॉयटर्सनं २०२३ मध्ये हे उघड केलं. चिनी सरकारी कंपन्या त्यातून बाहेर पडल्या. चीननं आपली दुसरी टाकलीच, कराचीतून निघून फ्रान्सला जाणारी. समुद्राखाली अशी दोन जाळी विणली जातायत, एक यांचं, एक त्यांचं. कारण सोपं आहे. ज्याची तार त्याचा कान. १९७० च्या दशकात अमेरिकी पाणबुड्यांनी रशियाच्या पूर्वेच्या समुद्रात जाऊन तिथल्या लष्करी केबलला ऐकायचं यंत्र चिकटवलं होतं. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं कागद बाहेर काढले, तेव्हा कळलं की इंग्लंडच्या किनाऱ्याला लागणाऱ्या केबलमधून सगळ्या जगाचं बोलणं चाळलं जात होतं.

आणि आता तर राष्ट्रांच्या वर कंपन्या बसल्यात. गूगल, मेटा, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट असल्या मोजक्या कंपन्या समुद्राखालच्या चालू क्षमतेचा दोन-तृतीयांशाहून जास्त हिस्सा एकट्या वापरतात. मेटानं फेब्रुवारी २०२५ मध्ये ५०,००० किलोमीटरची एकटीच्या मालकीची केबल जाहीर केली. भारत तिच्या वाटेवर आहे. गूगलची एक केबल मुंबईला येण्यासाठी आखली, तिला नाव दिलं ‘रामन’, आपल्या शास्त्रज्ञाचं. नाव आपलं, तार त्यांची. ज्यांच्या धर्मशास्त्रानं समुद्र ओलांडणं पाप ठरवलं होतं त्यांच्या नातवांना यात दलाली चांगली मिळते, त्यामुळं प्रायश्चित्ताचा प्रश्न आता निघत नाही.

तार तुटली तर काय होतं? जानेवारी २००८ अखेर इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताची परदेशी जोडणी निम्म्यावर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनच्या हूथींनी ‘रुबीमार’ नावाच्या, खत वाहून नेणाऱ्या जहाजावर क्षेपणास्त्र टाकलं. जहाज नांगर ओढत तरंगत राहिलं आणि त्या नांगरानं लाल समुद्रातल्या तीन केबल कापल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तुटल्या, पुन्हा भारत-पाकिस्तानात नेट रांगायला लागलं. आणि जोडायला कोण जाणार? २०२३ च्या त्याच कागदात ट्रायनं लिहिलंय, भारताच्या झेंड्याखाली केबल दुरुस्तीचं एकही जहाज नाही. बाहेरचं जहाज बोलवायचं, परवानग्या द्यायच्या, वाट बघायची. महासत्ता व्हायला निघालोय म्हणे.

एवढा झाला तळावरच्या तारेचा भाग. आता तळातल्या मालाचा.

पाच-सहा हजार मीटर खोल, जिथं सूर्य कधी पोचला नाही, तिथं बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेत. त्यात मँगेनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. दहा लाख वर्षांत एक गोळा काही मिलिमीटर वाढतो. २६ जानेवारी १९८१ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजानं हिंदी महासागरातून भारताचे पहिले गोळे वर काढले. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडं भारताची नोंद झाली, जगात पहिली. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळ भारताला शोधासाठी मिळालेला आहे. त्यात ३८ कोटी टन गोळे असल्याचा सरकारी अंदाज आहे. १५ सप्टेंबर २०२५ ला आणखी एक करार झाला, कार्ल्सबर्ग रांगेतल्या १०,००० चौरस किलोमीटरचा. समुद्राखालची ही डोंगररांग आपल्याच बाजूच्या समुद्रात आहे.

बॅटरीला कोबाल्ट लागतं. जगातलं बहुतेक कोबाल्ट काँगोच्या खाणीतून येतं, तिथं लहान पोरं हातानं खणतात. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये ते आहे. आता सगळे म्हणतात, जमिनीवर चीनचा वरचष्मा आहे, चला तळाला.

पण हा तळ कोणाचा? कुठल्याच देशाच्या हद्दीत नाही तो. १ नोव्हेंबर १९६७ ला माल्टासारख्या चिमुकल्या देशाचा राजदूत, आर्विद पार्डो, संयुक्त राष्ट्रांत उभा राहिला आणि म्हणाला की हा तळ साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा माना, नाहीतर बडे देश तो वाटून खातील. तिसऱ्या जगानं ते उचलून धरलं. १९८२ च्या सागरी कायद्यात ते कलम आलं.

आपल्याला हे समजायला पुस्तक नको. गायरान माहीत आहे ना? गावाची सामाईक जमीन. कागदावर सगळ्यांची. चरायची कोणाची गुरं? पाटलाची. आणि भूमिहीन महारा-मांगानं त्यातलं दोन एकर नांगरलं की तेच गायरान एकदम पवित्र व्हायचं, गावाचं व्हायचं, अतिक्रमण व्हायचं. १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लोक हजारोंनी तुरुंगात गेले, ते याच प्रश्नावर. समुद्राचा तळ हे पृथ्वीचं गायरान आहे. पाटील तोच आहे, फक्त इंग्रजी बोलतो.

बघा कसं ते. १९८२ च्या कायद्यात होतं की बड्या देशांच्या कंपन्यांनी आपलं तंत्र गरीब देशांना द्यावं. अमेरिका रुसून बसली. १९९४ मध्ये नवा करार करून ती सक्ती काढून टाकली. तरी अमेरिका आत आली नाहीच. आणि २४ एप्रिल २०२५ ला तिच्या राष्ट्राध्यक्षानं हुकूम काढला की आंतरराष्ट्रीय समुद्रतळावर खणायचा परवाना आम्हीच देऊ, आमच्या १९८० च्या कायद्यानं. पाच दिवसांत एका कंपनीनं अर्जही टाकला. चीन यावर ओरडला. पण शोधाची सगळ्यात जास्त, पाच, कंत्राटं चीनच्याच खिशात आहेत. दोन पाटलांचं बांधावरून भांडण लागलं म्हणजे त्यातला एक आपला होत नाही.

आणि या खाणीच्या गोष्टीत सोंगही किती! १९७४ मध्ये अमेरिकेनं ‘ग्लोमर एक्सप्लोरर’ नावाचं अवाढव्य जहाज पाठवलं. सांगितलं काय, तर समुद्रतळाचे गोळे काढायला चाललंय. काढत होते काय, तर बुडालेली रशियन पाणबुडी. तळाशी विज्ञान चाललंय असं कोणी सांगितलं की दोनदा विचारायची सवय ठेवा.

मग आपलं सरकार? २०२१ मध्ये ४,०७७ कोटींची खोल समुद्र मोहीम मंजूर झाली. तीन माणसं सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी बनतेय, नाव ‘मत्स्य’. तळावर चालणारं खाणीचं यंत्र २०२१ मध्ये ५,२७० मीटरवर चालवून बघितलं, नाव ‘वराह’. आणि १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान म्हणाले, समुद्रातल्या तेलासाठी आता समुद्रमंथन करू. आमच्या इंजिनिअरांच्या अक्कलहुशारीचा मला अभिमान आहे, पाच किलोमीटर खाली यंत्र चालवणं खेळ नाही. पण समुद्रमंथनाची गोष्ट आपण वेगळ्या बाजूनं ऐकलेली आहे. दोर ओढायला दैत्य लागले, वासुकीच्या तोंडाकडं त्यांना उभं केलं, आणि अमृताची पंगत बसली तेव्हा त्यांना हातोहात फसवलं. ज्याच्या नावानं योजना काढता ती गोष्ट तरी पुरी सांगा.

आता संविधानावर येतो. कलम २९७. किती जणांनी वाचलंय? कलम १७ आपल्याला पाठ असतं, हे वाचत नाही आपण. त्यात म्हटलंय की देशाच्या समुद्राखालची जमीन, खनिजं, मोलाच्या वस्तू या संघराज्याच्या मालकीच्या आणि संघराज्याच्या कामासाठी राखलेल्या. म्हणजे राजा-महाराजाच्या नाहीत, बंदराच्या मालकाच्या नाहीत. त्याच्या जोडीला कलम ३९ ठेवा, त्यात राज्याला बजावलंय की समाजाच्या भौतिक साधनांची वाटणी सगळ्यांच्या भल्यासाठी व्हावी. दोन्ही एकत्र वाचली की हिशेब सरळ आहे.

प्रत्यक्षात काय झालं? १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’नं मुंबई हाय शोधलं, १९७६ पासून तेल निघतंय. पन्नास वर्षं झाली. वर्सोव्याच्या कोळ्याला काय मिळालं? तेलाच्या मचाणाभोवती पाचशे मीटर फिरकायचं नाही, हा नियम मिळाला. २०२३ मध्ये समुद्रातल्या खनिजांचा कायदा बदलला. आता खाजगी कंपनीला लिलावानं पन्नास वर्षांचा पट्टा मिळू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ पट्ट्यांचा पहिला लिलाव पुकारला, त्यात केरळच्या किनाऱ्याची वाळू होती. केरळचे मच्छीमार गप्प बसले नाहीत. २७ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी किनारपट्टी बंद ठेवली. आमचं विचारल्याशिवाय आमच्या पायाखालचं कसं विकता, एवढंच त्यांचं म्हणणं.

कोळीवाड्यात माझा एक दोस्त आहे, बोटीवर जातो. केबल टाकायचं जहाज आलं की वाटेतली डोलजाळी काढायला सांगतात. किती दिवस, कुठल्या वाटेनं, बुडीत दिवसाचं काय, याचं उत्तर त्याला नीट कधी मिळत नाही. तो म्हणतो, “भाऊ, समुद्र आमचा देव, पण सातबारा दुसऱ्याचा.” मी त्याला म्हटलं, आमचं त्याहून सोपं आहे, आम्ही चर खणतो त्याचा सातबाराही नाही आणि देवही नाही. आम्ही दोघं हसलो. पण खरं सांगू का, इतकी वर्षं एकाच वर्सोव्यात तो पाण्याच्या बाजूनं आणि मी रस्त्याच्या बाजूनं एकाच केबलचं काम सोसत होतो, आणि आमची ओळख नव्हती. त्याच्या वाड्यात आमच्याशी पूर्वी कसं वागले तेही मी विसरलेलो नाही. तरी त्याच्यासोबत बसायला पाहिजे. केबलच्या दोन टोकांना बसलेल्यांची ओळख कंपनी करून देणार नाही, आपल्यालाच करावी लागेल.

आता त्या टपरीवरच्या पोराचा प्रश्न. आपल्याला काय त्याचं?

२०२० चं टाळेबंदीचं साल आठवा. माझी पुतणी नववीत होती. शाळा मोबाइलवर. घरात मोबाइल एक, पोरं तीन. रेंज होती. आपल्याकडं रेंज नव्हती असं कोणी म्हणू नये, टॉवर डोक्यावरच आहे. रिचार्जला पैसे नव्हते. बापाचं काम बंद. ती अर्ध्या दिवसाचा वर्ग ऐकायची, उरलेला मैत्रिणीच्या वहीतून उतरवायची. मार्चमध्ये तिला गणिताची आवड होती, दिवाळीनंतर नव्हती. तिच्या आज्यानं टेलिफोनचे चर खणले, काकानं फायबरचे, दुसऱ्या काकाचा त्यात हात गेला. साऱ्या देशाचं नेट तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर किनाऱ्याला लागतं. तिच्यापर्यंत ते पोचायला वाटेत एकच गोष्ट आडवी आली, आणि ती समुद्र नव्हती.

मग केबल तोडायची का? मघाशी मागून कोणीतरी तसं ओरडलं. नाही रे बाबा. ती तोडलीस तर पहिली नोकरी तुझ्या बहिणीची जाईल, कॉल सेंटरमधली. महाडला आपण तळ्यात दगड टाकायला गेलो नव्हतो, पाणी प्यायला गेलो होतो. हीही तशीच सार्वजनिक गोष्ट आहे, तिच्यावर हक्क सांगायचा.

म्हणून चार कामं सांगतो, ठराव म्हणून मांडा.

पहिलं, आपल्या वॉर्डात रस्त्याखाली काय पुरलंय याचा नकाशा महानगरपालिकेकडं मागा, माहितीच्या अधिकारात. खणणाऱ्याच्या हातात तो नकाशा असल्याशिवाय पहार उचलायची नाही.

दुसरं, चर खणणाऱ्या प्रत्येकाचं नाव हजेरीपटावर. मीटरवर सौदा असला तरी. नाव नसलं की माणूस मेल्यावरही मेलेला ठरत नाही.

तिसरं, जी कंपनी आपल्या किनाऱ्यावर केबल आणते आणि आपल्या रस्त्याखालून पुढं नेते, तिच्याकडून इथल्या महापालिकेच्या शाळांना, वाचनालयांना, विहारातल्या अभ्यासिकांना जोडणी फुकट घ्या. भीक म्हणून मागू नका. भाडं म्हणून मागा.

चौथं, समुद्रतळाच्या खाणीवर अभ्यास मंडळ काढा. ३५ हून जास्त देश आज म्हणतायत की पुरतं कळेपर्यंत ही खाण थांबवा. कारण त्या तळावर जे जगतं ते एकदा ढवळलं की आपल्या हयातीत परत येत नाही. मलायाचं गटापर्चाचं झाड आठवा म्हटलं होतं ना, ते यासाठी. आपली भूमिका काय? थांबवा म्हणायचं, की काढा पण वाटा म्हणायचं? माझं मत थांबवा या बाजूला आहे. पण माझ्या पुतण्याचं मत वेगळं आहे, तो म्हणतो, गरिबाच्या वाट्याला माल आला की तुम्हाला निसर्ग आठवतो. त्याचंही बरोबर असू शकतं. भांडा यावर. इंग्रजी कागद वाचा, मराठीत आणा, भांडा. एवढंच नको की आपण गप्प होतो आणि वाटणी होऊन गेली.

चुलतभाऊ आज इथं आलाय, मागच्या बाकावर बसलाय. त्याला मी आधी विचारलं होतं, तुझं सांगू का? तो म्हणाला, सांग, पण रडगाणं करू नको. केलं नाही असं वाटतं. तो वर्सोव्याला कधीमधी जातो, त्या जागेवर आता पेव्हर ब्लॉक बसवलेत. खाली आपण टाकलेला पाइप आहे अजून. चालू आहे.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता, ज्यांना यायचंय त्यांनी पुलाखाली जमा. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जाऊ, कोळीवाड्यातल्या पोरांना भेटू, जागा बघू. वही-पेन आणा.

जय भीम.